जुनीं खेळयंत्रें

जुनीं खेळयंत्रें जमवून दुरुस्त करण्याचा आम्हांस नाद आहे. त्यास कोणी पोरखेळ म्हटलें तर आम्ही वाद घालीत नाहीं. परंतु १९८३ सालीं जपानांत निघालेलें निन्टेन्डोचें फॅमिकॉम घ्या. त्याचे बहुतेक रोग घरबसल्या ओळखतां येतात. कार्ट्रिजच्या धातूच्या पट्ट्यांवर मळ बसला, तर स्पिरिटाच्या बोळ्यानें पुसावा. फुंकर मात्र घालूं नये, कारण श्वासांतील ओलावा पट्ट्यांस बाधतो. कांहीं कार्ट्रिजांत अर्धवट राहिलेला खेळ जपून ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली कीं डाख लावून नवी बसवावी.

नव्या यंत्रांचीं चित्रें निःसंशय अधिक रेखीव. पण २०२० सालच्या प्लेस्टेशन ५ चा एक प्रकार तबकडीच्या खाचेवांचूनच आला. त्यावरील खेळ इंटरनेटवरील दुकानांतूनच उतरवून घ्यावयाचे. आणि अशा दुकानाचें दार मालकाच्या मर्जीनें लागतें. निन्टेन्डोनें थ्रीडीएस व वी यू या यंत्रांच्या दुकानांतील विक्री मार्च २०२३ मध्यें थांबविली. ज्या खेळांचीं कार्ट्रिजें वा तबकड्या कधीं निघाल्याच नव्हत्या, ते तेथून विकत घेण्याची वाट खुंटली.

जुनें यंत्र बिघडतें तें आपल्या घरांत, आणि पुष्कळदां सुधारतेंही तेथेंच. जो खेळ आपल्या पश्चात् मुलांच्या हातीं ठेवतां येत नाहीं, तो पैसे मोजूनही आपला झाला, असें आम्हांस म्हणवत नाहीं.