नंदीच्या मानेवरची खाच

पत्र्याचे, चावीवर चालणारे जपानी यंत्रमानव जमवून दुरुस्त करण्याचा छंद जगभर अनेकांना आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यात जुन्या खेळण्यांमध्ये तो मान लाकडी नंदीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले चाकांवरचा नंदी सजवून घरोघर ओढत नेतात आणि बोजारा मागतात. असे अकरा जुने नंदी माझ्याकडे आहेत. त्यांतला सर्वांत जुना वडिलांच्या बालपणीचा.

वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या तोंडावर मी तो नंदी दुरुस्तीला काढला. झिजलेला आस बदलला, तुटलेले शिंग सुताराकडून सागवानाचे घडवून घेतले. उरलेला रंग खरवडून नवा द्यावा, अशा विचारात असताना वडील जवळ येऊन बसले. त्या सकाळी त्यांना पणतवाचे नाव आठवले नव्हते आणि मी, डॉक्टर असूनही, ते तीनदा विचारून त्यांना ओशाळे केले होते. त्यांनी नंदी मांडीवर घेतला. त्यांचा अंगठा न शोधता मानेवरच्या एका खाचेत जाऊन बसला. वर्षानुवर्षे दोरी बांधून पडलेली ती खाच मी लांबी भरून बुजवणार होतो. त्यांनी दोरी मागितली आणि सफाईने गाठ मारली.

स्मृतिभ्रंशात नावे आणि कालचे प्रसंग लवकर निसटतात. हातांना लहानपणी जडलेली सवय मात्र पुष्कळदा दीर्घकाळ टिकते. म्हणून रुग्णाची परीक्षा घेण्यापेक्षा ओळखीची वस्तू, ओळखीचे काम त्याच्या हाती द्यावे. त्याने आजार बरा होत नाही; पण आपण अजून कुणाच्या उपयोगी पडतो, हे समाधान त्याला मिळते.

एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तेव्हा जुना रंग कोरडा घासू वा खरवडू नये. ओल्या फडक्याने पुसावे, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि रंगाचे पोपडे निघत असलेले खेळणे लहान मुलांना देऊ नये.

तो नंदी मी रंगवला नाही, खाचही बुजवली नाही. त्या तान्ह्या पोळ्याला पणतवाने नवा नंदी ओढला. त्याची दोरी वडिलांनी बांधली. नाव त्यांना कुणी विचारले नाही.