पुसलेले परत मिळते, पण...

माणसाच्या हातून जितके लिहिले जाते, जवळजवळ तितकेच खोडलेही जाते. जमाखर्चाच्या वहीतला आकडा, रागाच्या भरात लिहिलेल्या पत्रातले एखादे वाक्य, मृत्युपत्रातले एखादे नाव! कागदावर खोडले तरी रेघेखालचे अक्षर निदान अंधूक दिसत राहते. संगणकाने तेवढीही सोय ठेवली नाही. एक कळ दाबली की पानेच्या पाने नाहीशी होतात आणि मागे खूणसुद्धा उरत नाही.

ही भीती सर्वांत आधी जाणवली ती संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना. एकाच प्रोग्रामवर दहा जण काम करतात. आज केलेला बदल चुकीचा ठरला, तर कालची प्रत हवी असते. म्हणून १९७२ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी बदलांची नोंद ठेवणारी 'एससीसीएस' ही प्रणाली तयार केली. पुढे अशा अनेक प्रणाली आल्या. आज सर्वांत जास्त वापरली जाते ती 'गिट'. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ती लिहिली. लिनक्सच्या कामासाठी वापरली जाणारी आधीची प्रणाली विनामूल्य मिळणे बंद झाले, तेव्हा त्यांनी स्वतःची व्यवस्था उभी केली.

गिटचे काम समजायला अवघड नाही. काम करणारा मधूनमधून 'हे नोंदवून ठेव' असे सांगतो. त्या क्षणी सगळ्या फाइली जशा असतील तशा नोंदवल्या जातात. कोणी, केव्हा आणि कशासाठी बदल केला, हेही सोबत लिहिले जाते. पुढे कधी जुनी प्रत हवी झाली, तर 'गिट रिस्टोअर' ही आज्ञा द्यायची. पूर्वी 'चेकआउट' ही एकच आज्ञा दोन वेगवेगळी कामे करायची आणि नवशिक्यांचा गोंधळ व्हायचा. म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये फाइल परत आणण्यासाठी ही स्वतंत्र आज्ञा आली.

हे सारे कचेरीतल्या कामापुरतेच आहे, असे वाटणे साहजिक आहे. पण पुण्यातल्या एका घरात ही आज्ञा एका वेगळ्याच कामी आली.

कुलवृत्तान्ताचे काम

त्या घरातील आप्पा शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. वय पंचाहत्तरीला टेकलेले. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त छापले आहेत, तसा आपल्याही घराण्याचा असावा, ही त्यांची जुनी इच्छा. कोकणातल्या मूळ गावी जाऊन त्यांनी माहिती जमवली, नातेवाइकांना पत्रे लिहिली आणि अखेर संगणकावर मराठी टाइप करायलाही शिकले. सूनबाई हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत कामाला. सासऱ्यांची मेहनत एखाद्या दिवशी चुकून पुसली जाऊ नये, म्हणून तिने घराण्याच्या प्रत्येक शाखेची वेगळी फाइल केली आणि साऱ्या फाइली गिटच्या हवाली केल्या. रोज रात्री जेवणे झाली की आप्पा एका ओळीत कारण सांगत आणि ती दिवसभराचे काम नोंदवून ठेवी.

आप्पांना ही व्यवस्था मनापासून आवडली. तिथेही 'शाखा' हाच शब्द! शिवाय प्रत्येक नोंद आपल्या आधीच्या नोंदीला 'पालक' म्हणते. नोंदीला आपला पालक ठाऊक असतो, पुढे होणारी मुले मात्र ठाऊक नसतात. "म्हणजे हाही वंशवृक्षच की गं!" असे म्हणून ते हसले होते.

मग एका दुपारी थोरल्या भावाचा, दादांचा फोन आला. कच्ची प्रत त्यांनी वाचली होती. बहिणीबद्दलच्या चार ओळी त्यांना खटकल्या होत्या. या बहिणीने १९७१ मध्ये दुसऱ्या जातीतील मुलाशी स्वतःच्या मर्जीने लग्न केले. वडिलांनी तिला घर बंद केले. त्यानंतर घरात तिचे नाव निघाले नाही.

"जे बाबांनी आयुष्यभर बोललं नाही, ते तू छापून वाटणार?" दादा म्हणाले.

दादांसमोर आप्पा आजवर कधी बोलले नव्हते. त्या दिवशीही बोलले नाहीत. त्यांनी तो परिच्छेद काढला. रात्री सुनेने नेहमीप्रमाणे कारण विचारले. थोडा वेळ थांबून त्यांनी सांगितले, "लिही, दादांच्या सांगण्यावरून ताईचा मजकूर काढला." सुनेने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि तसेच लिहिले.

एका आज्ञेने होणारे नुकसान

दुसऱ्या दिवशी आप्पा आपल्या आईविषयी लिहायला बसले. सबंध पान लिहून झाले. ताई गेल्यावरही आई दर दिवाळीला तिच्या वाटणीचा फराळ वेगळा काढून ठेवायची, हे लिहिताना त्यांना आठवले. ते लिहायचे, तर ताई कोण, हे आधी सांगायला हवे होते. आणि ताईचा परिच्छेद तर कालच गेला होता!

सून कामावरून येताच त्यांनी विचारले, "अगं, तो कालचा मजकूर परत येईल का?"

"येईल ना, आप्पा. पण आज तुम्ही काही नवीन लिहिलंय का?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता. 'गिट रिस्टोअर' आज्ञापालनात चोख आहे. सांगितलेल्या दिवसाची प्रत आणून ती आजच्या फाइलवर बसवते. मधल्या काळात लिहिलेले आणि अद्याप न नोंदवलेले जे असेल, ते त्या भरात जाते. 'खरेच पुसू का?' असे ती विचारत नाही. आणि जे कधी नोंदवलेच नाही, ते गिटला परत आणता येत नाही. सरळ जुनी प्रत मागितली असती, तर ताईच्या चार ओळी आल्या असत्या आणि आईचे पान गेले असते.

म्हणून सुनेने आधी आईचे पान नोंदवले. मग कोणत्या दिवशी काय बदलले, ते पडद्यावर पाहिले. त्यानंतर फाइल सबंध न आणता तुकड्यातुकड्याने आणण्याची सोय वापरली. संगणक एकेक फरक दाखवून विचारू लागला. ताईचा परिच्छेद परत आणायचा? तिने 'हो' म्हटले. आईचे पान काढायचे? तिने 'नाही' म्हटले. दोन मिनिटांत दोघी एकाच फाइलमध्ये आल्या.

आप्पा बराच वेळ पडद्याकडे पाहत होते. मग त्यांनी हळूच विचारले, "ती कालची ओळ, दादांच्या सांगण्यावरून काढला म्हणून लिहिलेली, ती पुसता येईल?"

"येईल," सून म्हणाली, "पण पुसायची का?"

आप्पांनी मान हलवली. ती ओळ तशीच राहिली. तिच्यापुढे नवी नोंद झाली, 'ताईचा मजकूर परत घेतला. काढायला नको होता.'

जे नोंदवलेच नव्हते

ओळी परत आल्या, पण त्या फारच थोड्या होत्या. जन्मवर्ष, लग्नाचे वर्ष आणि यजमानांचे नाव, बस्स! पुढची पन्नासहून अधिक वर्षे कोरी. ताईने सुरुवातीला पाठवलेली पत्रे वडिलांनी न फोडताच चुलीत घातली होती. ती परत आणणारी आज्ञा कोणत्याच संगणकात नाही.

चार दिवसांनी आप्पांनी एका भाच्याकडून नंबर मिळवला आणि ताईला फोन केला. "ताई, तुझ्या मुलांची नावं सांग. लिहून घ्यायची आहेत," एवढेच ते म्हणू शकले. पलीकडून बराच वेळ काही उत्तर आले नाही. मग एकेक नाव आले. मुलांची, सुनांची आणि एका नातीचेही. चार ओळींचे दीड पान झाले. त्या रात्री नोंदीचे कारण आप्पांनी स्वतःच टाइप केले.

दादांचा राग अजून गेलेला नाही. 'छापशील तेव्हा माझा फोटो घालू नकोस,' असा निरोप त्यांनी धाडला आहे. आप्पांनी त्यांचीही फाइल तशीच ठेवली आहे. दादांच्या शिक्षणाबद्दल, त्यांनी धाकट्या भावंडांच्या फीसाठी केलेल्या नोकरीबद्दल लिहिलेला एकही शब्द काढलेला नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना गिट कधी वापरावे लागणार नाही. पण घराघरांत असे परिच्छेद काढले जातात. कोणाच्या तरी सांगण्यावरून, कोणाचा तरी मान राखण्यासाठी. त्यांची नोंद कोठेही होत नाही आणि एक पिढी सरली की काही काढले होते, हेच कोणाला ठाऊक राहत नाही. ज्यांना ते ठाऊक आहे, अशी माणसे अजून घरात आहेत, तोवर त्यांच्याजवळ बसून विचारून घ्यायला काय हरकत आहे? नावे, वर्षे, कारणे, जे आठवेल ते. पुढे ते ठेवायचे की काढायचे, हे मुले ठरवतील. पण ठरवण्यासाठी त्यांच्या हाती काहीतरी असायला हवे.