अळणी

तलासरीच्या आठवडे बाजारात एका बाईने सुका बोंबील उचलला, शेपटीचा तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि विकणारीला विचारलं, "मीठ लावलंय काय गं याला?"

"मीठ कशाला लावू? नुसत्या उन्हाचा आहे."

पुढे त्यांची भावावरून जुंपली. माझं लक्ष तोवर सुटलं होतं. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेला, वलांडीवर दुसऱ्याच्या जबड्यात जबडा अडकवून वाळलेला हा जीव, आणि त्याची जाहिरात काय, तर मीठ नाही! सरंगा, रावस, मांदेली, घरात येईल त्या माशाला आधी मीठ चोळलेलं मी आयुष्यभर बघत आलो. समुद्रातून आलेल्या वस्तूला वरून मीठ का लागावं, हा प्रश्न मात्र मला पन्नाशी उलटल्यावर, कांद्यांच्या ढिगाशेजारी उभं असताना पडला.

ताजा बोंबील म्हणजे पातळ कातडीत कसंबसं धरून ठेवलेलं पाणी. शंभर ग्रॅम बोंबलात पंच्याऐंशी ग्रॅमच्या वर पाणीच. माझी मावशी तो उभा चिरून, फडक्यात गुंडाळून पाटावर ठेवायची आणि वर पाटा-वरवंट्यातला पाटा. तासाभराने कडेने पाणी ओघळायचं. मग तांदळाचं पीठ, तेही चिमटीचिमटीने. हल्ली हॉटेलात बोंबलाला रव्याचं चिलखत घालतात. ते मला बघवत नाही. तर ते पाट्याखालचं पाणी, मीठ-मसाला लागायच्या आधीचं, मी एकदा बोटाने चाटलं होतं. त्याला समुद्राची चव नव्हती. तेव्हाच कोडं सुटायला हवं होतं, पण मावशीने हातावर फटका मारला आणि विषय संपला.

आगोटीच्या दिवसांत घरोघरी कैरीच्या फोडी मीठ चोळून ठेवतात. थोड्या वेळाने पातेल्यात पाणी दिसतं आणि फोडी मऊ पडलेल्या असतात. मीठ जिकडे जास्त, तिकडे पाणी धावतं. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. शब्द वाईट नाही, पण त्याला कैरीचा वास नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. सरंगा, रावस, बोंबील अशा काटेवाल्या माशांच्या रक्ताचा खारेपणा त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे मासा ही बरणीतली फोड. कल्ल्यांच्या तलम पडद्यातून त्याचं पाणी सारखं बाहेर झिरपत असतं. वलांडीवर चढायच्या कितीतरी आधीपासून, चहूकडे पाणी असताना, बोंबील वाळतच असतो.

हे मला तिसरीत कळायला हवं होतं.

आईचं माहेर वाढवणचं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिकडे. ओहोटीला तिथले काळे खडक दूरवर उघडे पडतात आणि मधल्या खळग्यांत समुद्र थोडाथोडा विसरून जातो. (त्याच समुद्रात आता मोठं बंदर व्हायचं आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणीही झाली. मला अजून तो किनारा डबक्यांवरूनच आठवतो.) एका डबक्यात मला बोटभर मासा सापडला. पिवळसर अंग, त्यावर काळे उभे पट्टे, डोळा अंगाच्या मानाने फार मोठा. दोन दिवस तो मावशीच्या परसात घमेल्यात राहिला. रोज सकाळी मी समुद्राचं ताजं पाणी आणून घालत होतो, ते त्याच्यासाठी नव्हे, तेवढंच खडकांवर जायला मिळायचं म्हणून. तिसऱ्या दिवशी तलासरीला परत निघालो तेव्हा मी हट्टाला पेटलो. अण्णा तलासरीला मास्तर होते, शाळेत मुलांना दाखवता येईल, असं काहीतरी मी आईला पटवलं. मावशीने ॲल्युमिनियमची किटली दिली.

डहाणूहून एसटी. किटली माझ्या मांडीवर, झाकण अर्धं उघडं, एक डोळा आत. कंडक्टरने विचारलं, "चहा काय रे?" मी म्हटलं, "मासा." त्याने आत डोकावून बघितलं आणि आईला म्हणाला, "बाई, याचं अर्धं आणि पोराचं अर्धं, एक पूर्ण तिकीट फाडू?" गाडीभर हसू पसरलं. मला अभिमान वाटला. समुद्र मागे राहिला, चिकूच्या वाड्या गेल्या, मग माळ आणि ताडाची झाडं. खड्ड्याखड्ड्याला किटली हिंदकळत होती. घरी पोचेपर्यंत निम्मं पाणी माझ्या चड्डीवर, उरलेलं कोमट आणि गढूळ.

मी पितळेचं पातेलं घासलं. चिंचेने, चांगलं लखलखीत. विहिरीचं पाणी ओतलं, तळ दिसेल इतकं नितळ. त्या वेळचा माझा विचार मला स्पष्ट आठवतो: खारं पाणी पिऊन पिऊन याला केवढी तहान लागली असेल! माणसाला समुद्राचं पाणी चालत नाही, तर या एवढ्याशा जीवाला कसं चालेल? मी त्याला पातेल्यात सोडलं आणि वाट बघत बसलो, पाहुण्याला सरबत दिल्यावर बसतो तसा.

तो आधी जोरात गरगर फिरला. मला वाटलं, आनंदाने. मग एका जागी थांबून तोंड उघडमीट करू लागला. दिवेलागणीला तो जरासा कलला. मी भाताचं शीत टाकलं, ते तळाशी जाऊन बसलं. सकाळी तो उलटा होता, पोट वर, पट्टे फिके.

अण्णा आले. वाकून त्यांनी पातेल्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाले, "गोडं आहे."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. मासा मांजरीने खाल्ला.

त्याचं काय झालं असेल ते आता सांगता येतं. जन्मभर पाणी बाहेर जाण्याची सवय असलेल्या अंगात एका संध्याकाळी पाणी आत घुसू लागलं आणि साठवलेलं मीठ बाहेर. उपसायला पुरेशी मूत्रपिंडं नाहीत. समुद्रातल्या माशाला लघवी जपून, थेंबाथेंबाने करायची सवय. त्याला आतून पूर आला.

पण तहानेच्या बाबतीत मी चुकलो नव्हतो, हे कळायला फार वर्षं गेली. तो तहानलेलाच असतो. अमेरिकेत होमर स्मिथ नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने माशांच्या पाण्यात फिनॉल रेड हा रंग मिसळून पाहिला. माशांच्या आतड्यात रंग दाट होऊन साठला होता, पाणी अंगात जिरलं होतं. म्हणजे मासा समुद्र पितो, घोटाघोटाने, जन्मभर. मॅग्नेशियम, सल्फेट अशी जड मंडळी थोडक्या लघवीतून जातात, काही कॅल्शियम आतड्यातच चुनखडीचे पांढरे कण होऊन बाहेर पडतं. खरं मीठ मात्र तिथून जात नाही. ते कल्ल्यांतूनच बाहेर पडत असणार, असं स्मिथने मांडलं. हे १९३० सालचं. १९३२ मध्ये कीज आणि विल्मर यांनी आपल्या वामीच्या दूरच्या नात्यातल्या ईल माशाच्या कल्ल्यांत मीठ फेकणाऱ्या पेशी दाखवल्या. रात्रंदिवस उपसा, अन्न जाळून.

१९३०. डहाणूहून रेल्वेने उत्तरेला गेलं की वलसाडच्या जरा पुढे धारासणा. त्या वर्षी २१ मे रोजी तिथल्या मिठागरावर सत्याग्रही माणसं रांगेने पुढे जात होती आणि डोक्यावर लाठ्या घेत होती. चिमूटभर मीठ हातात यावं म्हणून.

मुशीने मात्र समुद्र पिणं, कल्ल्यांतून मीठ उपसणं, यातलं काही केलं नाही. तिने पाणी राखायचा वेगळाच तोडगा काढला: आपण जो युरिया टाकून देतो तो तिने रक्तातच साठवला. रक्त समुद्राइतकं दाट झालं, आता पाणी पळायचं कारणच उरलं नाही. जास्तीचं मीठ टाकायला शेपटीकडच्या बाजूला एक ग्रंथी. म्हणून शिळ्या मुशीला नवसागरासारखा वास येतो, युरियाचा अमोनिया होतो. मावशी ती कढत पाण्यातून काढायची, आणि घरात बाळंतीण असली की तिच्या ताटात मुशी हमखास, दूध येतं म्हणून. बाकीच्या माशांचा जो ओळखीचा वास, तोही याच भानगडीतला. समुद्रात टिकायला अंगात साठवलेल्या एका द्रव्याचं मेल्यावर ट्रायमिथिलअमाईन होतं, आणि कैरी किंवा चिंच पडली की ते दबतं. आमच्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, असं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. मावशीला ट्रायमिथिलअमाईन माहीत नव्हतं. तिला वास माहीत होता.

त्या दिवशी तलासरीच्या बाजारातून मी बोंबील घेतले. निखाऱ्यावर भाजले. पाणी गेल्यावर त्याचं स्वतःचं मीठ एकवटतं, ते लागलं. समुद्राचं नव्हे, त्याचं. तरी तांदळाच्या भाकरीबरोबर खाताना वरून दोन खडे घेतलेच.

१ जूनला मासेमारी बंद होईल, पाऊस पडेल आणि डहाणूच्या खाडीचं पाणी गोडाकडे झुकेल. खाडीत शिरणारा जिताडा तेव्हा उलटं काम सुरू करतो. ज्या कल्ल्यांतून मीठ फेकत होता त्यांतूनच ते कणाकणाने वेचू लागतो. थोड्या दिवसांत कल्ल्यातल्या पेशी बदलून टाकतो आणि राहतो. रायगडात पेण-अलिबागकडे त्याची पिल्लं गावतळ्यात सोडून वाढवतात, मोठी करतात, जावयाला खिलवतात. त्या डबक्यात बोटभर जिताडा असता तर पितळेच्या पातेल्यात कदाचित टिकला असता, आठवडाभर, शाळा उघडेपर्यंतही.

पण त्याला तसे काळे पट्टे नसतात. मी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं.