भिगवणचे रोहित आणि आमची हिशेबवही

गेल्या माघात आम्ही भिगवणास जाऊन आलो. तीर्थयात्रेसाठी नव्हे, की कोणा आप्ताच्या कार्यासाठीही नव्हे. आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवाने पशुपक्ष्यांची छायाचित्रे विकून चरितार्थ चालविण्याचा संकल्प सोडला होता, त्याची शहानिशा करण्याकरिता घरच्या मंडळींनी आम्हांस धाडले. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, बँकेत बऱ्या जागेवर. एके रात्री जेवणाच्या पंक्तीत त्याने राजीनाम्याची गोष्ट काढली आणि वाढणाऱ्या वहिनींची पळी हातातल्या हातात राहिली. घराची हिशेबवही गेली कित्येक वर्षे आमच्या हाती असल्यामुळे निवाडाही आम्हीच करावा असे ठरले.

पहाटे चार वाजता पुणे सोडले. सोलापूर रस्त्याने भिगवण सुमारे शंभर किलोमीटर. तेवढ्या वेळात चिरंजीवांनी आम्हांस या धंद्याचे शास्त्र समजावून दिले. त्याचे म्हणणे असे, की छायाचित्र 'विकणे' हा शब्दच फसवा आहे. छायाचित्रकार चित्र विकत नाही; ते छापण्याची परवानगी देतो, आणि तीही नेमलेल्या कामापुरती, नेमलेल्या मुदतीची. वाड्यातील खोली बिऱ्हाडकरूस द्यावी आणि मालकी आपल्याकडेच राहावी, तसा हा व्यवहार. २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्याप्रमाणे छायाचित्राचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यापुढे साठ वर्षे टिकतो. म्हणजे आज टिपलेले पाखरू नातवंडांनाही भाडे मिळवून देईल. हे ऐकून आम्हांस बरे वाटले. पण भाडे येते किती, असे विचारताच गाडीचा वेग वाढला.

छायाचित्रांच्या परदेशी पेढ्या आहेत. त्यांच्याकडे संगणकावरून चित्रे धाडावयाची आणि प्रत्येकाखाली पक्ष्याचे नाव, स्थळ, ऋतू, तो काय करीत आहे, हे शब्दांनी लिहावयाचे. गिऱ्हाईक शब्दांवरून शोध घेते. शब्द चुकला की चित्र कायमचे अंधारात. (भाषेच्या मास्तराला एवढे महत्त्व अन्यत्र कोठे मिळाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.) शटरस्टॉक नामक पेढीने जून २०२० पासून लागू केलेल्या नियमाप्रमाणे काढणाऱ्यास १५ ते ४० टक्के वाटा मिळतो. जितकी चित्रे अधिक उचलली जातील तितकी त्याची पायरी वर चढते, आणि १ जानेवारीस सर्वांनी पुनः तळच्या पायरीवर येऊन उभे राहावयाचे. इंग्लंडातील अलामी या पेढीत पूर्वी निम्मा वाटा मिळे; अन्यत्रही विक्रीस ठेवलेल्या चित्रांसाठी तो २०१९ साली ४० टक्क्यांवर उतरला. एका उचलीमागे कित्येकदा दहा सेंट हाती येतात. अमेरिकेच्या डॉलरचा हा दहावा भाग!

चौफुल्यास चहा घेताना आम्ही चष्मा लावून त्याची वही पाहिली. एका लेन्सचीच किंमत एक लाख अडतीस हजार. तीन वर्षांत पेढ्यांकडे धाडलेली चित्रे एकेचाळीसशे. त्यांपासून प्राप्ती तेवीस हजार चारशे रुपये, आणि तीत निम्म्याहून अधिक एकट्या एका चित्राची. रविवारी नवशिक्यांना होडीतून नेऊन कॅमेरा शिकविण्याबद्दल मात्र बावन्न हजार. म्हणजे चित्र खपत नव्हते. चित्र काढण्याची हौस खपत होती. ज्या एका चित्राने पैसा आणला ते आमच्या घरी सर्वांच्या परिचयाचे आहे. एका छापखान्याने ते वर्षाच्या करारावर दिनदर्शिकेसाठी घेतले होते, आणि ती दिनदर्शिका आमच्या माजघरात टांगलेली आहे. उगवत्या सूर्यासमोर रोहित पक्ष्यांचा थवा पाण्यावरून उठत आहे, असे ते चित्र. "उभा पक्षी सगळ्यांकडे असतो, आजोबा," चिरंजीव म्हणाले, "उडता थवा विकला जातो."

उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठावर पोहोचलो. हे पाणी नदीचे असून नदीचे नव्हे. भीमेवर उजनी येथे १९८० साली धरण पुरे झाले, त्याचा फुगवटा येथवर येतो. त्याखाली कित्येक गावे गेली; पाणी फार आटले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ पुनः दिसू लागते. आमचा नावाडी पन्नाशीचा, मितभाषी गृहस्थ. आजोबांची जमीन पाण्याखाली गेली, बापाने जाळे धरले, हा चिलापी मासे पकडी. आता हिवाळ्याचे चार महिने कॅमेरेवाल्यांना फिरवितो. खेपेस बाराशे रुपये. दोन बोलीत गिऱ्हाईक हिशेब चुकते करते, आणि तेथे कोणी त्याला १ जानेवारीस तळच्या पायरीवर आणीत नाही.

कालव्यांना पाणी सुटत जाते तसतशी काठची चिखलवट उघडी पडते, आणि त्या उथळात रोहित उतरतात. आम्ही प्रथम पाहिले तेव्हा निराशाच झाली. रोहित म्हणजे तांबडा, आणि येथे तर पांढुरक्या काठ्यांवर पांढुरकी गाठोडी! माना खाली घालून, वाकडी चोच उलटी पाण्यात बुडवून, जिभेने पाणी आत ओढून बाहेर सोडीत ते बारीक जीव गाळून खात होते. तांबडा रंग पंखांच्या घडीत लपलेला असतो. तो उडतानाच दिसतो. उडत्या थव्याला भाव का, याचा उलगडा आम्हांस तेथे झाला.

नावाड्याने यंत्र केव्हाच बंद केले होते आणि तो बांबूने होडी हळूहळू रेटीत होता. एवढ्यात डाव्या हाताला केशरी रंगाची एक जोडी दिसली. "ब्राह्मणी बदक," नावाडी म्हणाला. म्हणजे चक्रवाक! आम्ही तीस वर्षे मुलांना चक्रवाकाचा विरह शिकविला, परीक्षेत त्यावर प्रश्न काढले, आणि पक्षी पाहिला तो निवृत्त झाल्यावर, एका मच्छीमाराने बोट दाखविले तेव्हा. जोडी अगदी सुखात चरत होती.

इतक्यात पलीकडून दुसरी होडी यंत्र चालू ठेवून सरळ थव्यावर आली. तीत चार जण मोठमोठ्या लेन्स रोखून बसले होते. रोहित पाण्यावर धावू लागले, कारण धाव घेतल्याविना त्यांना उठता येत नाही, आणि पाहता पाहता सारे आकाश तांबड्याकाळ्या पंखांनी भरून गेले. खोटे कशाला बोलावे, आम्ही होडीत उभे राहिलो. इतके सुंदर दृश्य आम्ही जन्मात पाहिले नव्हते. मग थवा लांब वळला, दिसेनासा झाला, आणि खाली नुसता चिखल उरला.

"आता तासभर तरी हितं काय उतरत न्हाई, गुरुजी," नावाडी म्हणाला. "सारखं उठवलं की त्यांचं खाणं ऱ्हातं, मग ती डिकसळकडं निघून जात्यात. मागनं येणाऱ्याला म्या काय दावू?"

आम्हांस माजघरातील दिनदर्शिका आठवली. तेच पंख, तसाच कोवळा प्रकाश. आम्ही चिरंजीवांकडे वळून विचारले, "तुझा थवा आपण होऊन उठला होता काय?"

तो कॅमेऱ्याचे झाकण लावीत होता. ते लागल्यावरही त्याने मान वर केली नाही. उत्तर नावाड्याने दिले, पाण्याकडे पाहत. "तवा नाव म्याच घातली व्हती, गुरुजी. दादांनी पाश्शे जास्त दिलं व्हतं. आता न्हाई घालत."

दुपारी नावाड्याच्या घरी पिठले-भाकरी झाली. त्याच्या मंडळींनी आमच्यासाठी चूल सारवून वेगळे भांडे घेतले होते, ते पाहून आम्हीच ओशाळलो. परतीच्या वाटेवर पाटसपर्यंत कोणी बोलले नाही. मग चिरंजीवच म्हणाले, "पहिल्या वर्षी एकही चित्र गेलं नव्हतं, आजोबा. घरी सगळे विचारायचे." हे मात्र खरे होते. विचारणाऱ्यांत आम्ही पहिले.

घरी आल्यावर पंक्तीत आम्ही निवाडा सांगितला, तो असा: चित्रांच्या भाड्यावर संसार होणार नाही, बँक सोडू नये, रविवारची शिकवणी चालू ठेवावी, आणि तिचे पैसे घरात न देता लेन्सच्या कर्जात भरावे. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. होडीतील गोष्ट आम्ही कोणास सांगितली नाही, आणि तो सांगतो की काय याची वाट पाहिली.

त्याने पंक्तीत सांगितले नाही. चार दिवसांनी सकाळी आम्ही वही लिहीत बसलो असता तो शेजारी येऊन बसला आणि ते उडत्या थव्याचे चित्र आपण सर्व पेढ्यांवरून काढून घेतल्याचे त्याने कळविले. छापखान्याचा करार मात्र वर्षअखेरपर्यंत आहे, तो मोडता येत नाही. तोवर दिनदर्शिका भिंतीवर राहील. फाल्गुनात 'छायाचित्रांपासून जमा' या सदरात आम्ही 'निरंक' लिहिले. चैत्रात एकेचाळीस रुपये आले. कशाचे म्हणून विचारले, तर चक्रवाकाच्या जोडीचे. आमच्या समोर काढलेले ते चित्र, दोन्ही पक्षी चरत असलेले.