हिशेबाखाली आपली सही



दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्या वस्तीवस्तीत गुणवंतांचे सत्कार होतात. विहारात खुर्च्या मांडल्या जातात, मुलांच्या हाती ट्रॉफी आणि बाबासाहेबांचे एखादे पुस्तक दिले जाते. प्रथा चांगलीच आहे. पण पाच वर्षांनी त्याच मुलामुलींचे काय झाले, हे विचारायला कोणी जात नाही. वाणिज्य शाखेकडे गेलेली आपली पुष्कळ मुले बी.कॉम. होतात आणि तेथेच थांबतात. घराला पगार हवा असतो, एवढेच त्याचे कारण. मुलगा कारखान्यात हिशेबाच्या कामाला लागतो, मुलगी एखाद्या दुकानाची बिले करू लागते. 'पुढचे शिक्षण नंतर बघू' असे ठरते आणि ते 'नंतर' काही येत नाही.

मी त्यांतलीच एक. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी हिशेब विभागात कारकून होते. भांडारातून किती माल उचलला, कोणत्या कामावर किती मजूर किती तास होते, विजेच्या बिलाचा कोणता हिस्सा कोणत्या यंत्रावर टाकायचा, हे तक्ते मी करीत असे. वर्षातून एकदा बाहेरचे कॉस्ट अकाउंटंट येत. माझे तक्ते तपासत, दोन-चार प्रश्न विचारत आणि परिव्ययाच्या अहवालावर सही करून जात. कागद माझे, आकडे माझे, सही त्यांची. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. तो अधिकार त्यांनी परीक्षा देऊन मिळवलेला होता. आजही कंपनी कायदा 2013 च्या कलम 148 प्रमाणे हे ऑडिट प्रॅक्टिस करणाऱ्या कॉस्ट अकाउंटंटलाच करता येते.

माझी आजी मराठवाड्यातली. सावकाराच्या वहीत तिचे नाव होते, पण नावापुढे काय लिहिले आहे ते तिला कधी वाचता आले नाही. मुद्दल किती, व्याज किती, फेडले किती, हे सावकार सांगेल तेच खरे. अंगठा मात्र तिचा. तिच्या नातीला वही वाचता येऊ लागली, वही लिहिताही येऊ लागली. उरली होती ती वहीखालची सही. ती आपल्याला का करता येऊ नये, असे माझ्या मनाने घेतले.

प्रथम सी.ए.चा विचार केला. पण तेथे आर्टिकलशिप करावी लागते. ती तेव्हा 3 वर्षांची होती, 2023 च्या नव्या योजनेत 2 वर्षांची झाली. त्या काळात मिळणाऱ्या विद्यावेतनात घर चालत नाही, आणि परवानगीशिवाय दुसरी नोकरी करता येत नाही. ज्या घरात बापाचा पगार भक्कम आहे त्या घरातील मुलांनी अवश्य सी.ए. करावे. आमच्याकडे ह्यांची खाजगी गाडीवरची ड्रायव्हरची नोकरी, सासूबाईंचे मधुमेहाचे औषध आणि घराचा हप्ता. माझा पगार थांबला असता तर हप्ता थांबला असता.

दुसरा रस्ता कॉस्ट अकाउंटंटचा. या व्यवसायाचा कायदा 1959 चा. त्याची संस्था कोलकात्याची, आणि आपल्या पश्चिम भागाचे कार्यालय मुंबईत फोर्टला. पूर्वी लोक तिला 'आय.सी.डब्ल्यू.ए.' म्हणत. 2012 साली तिचे नाव 'इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडिया' असे झाले. या अभ्यासक्रमाची मोठी सोय अशी, की नोकरी करीत परीक्षा देता येते, आणि हिशेबाच्या व परिव्ययाच्या कामाची नोकरी असेल तर ती प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणात मोजली जाते. म्हणजे ज्या खुर्चीवर बसून मी पगार घेत होते, तीच खुर्ची माझी शाळा ठरणार होती. पदवीधराला सरळ इंटरमीजिएटला नाव घालता येते. महिला मंडळाच्या बचत गटातून कर्ज काढून 2013 साली मी नाव घातले.

इंटरचे 8 पेपर, फायनलचे 8 पेपर. दोन्ही ठिकाणी चार-चार पेपरांचे दोन गट. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरला. प्रत्येक पेपरात निदान 40 गुण आणि गटात सरासरी 50 टक्के हवे. गट नापास झाला तरी ज्या पेपरात 60 किंवा अधिक गुण असतील तो पुन्हा द्यावा लागत नाही. नोकरी करणाऱ्याने ही शेवटची अट नीट समजून घ्यावी. तिच्या जोरावरच मी टिकले. मी एका वेळी एकच गट घेत असे. पहिल्या गटात चारही पेपर सुटले, पण बेरीज 197 झाली. 200 हव्या होत्या. तीन गुणांसाठी गट गेला. त्या दिवशी जेवण गेले नाही. पण एका पेपरात 64 होते, तो पेपर हातात राहिला. डिसेंबर 2014 मध्ये उरलेल्या तिघांचीच तयारी करायची होती आणि गट सुटला.

अभ्यासाची वेळ पहाटे चार ते सहा. पाचला नळ येत असे, तेव्हा पाणी भरण्याचे काम ह्यांनी आपल्याकडे घेतले. सासूबाईंना अक्षरओळख नाही, पण माझ्या पुस्तकावर त्यांनी कधी कोणाला भांडे ठेवू दिले नाही. शेजारणी म्हणत, "दोन लेकरांची आई आता काय बालिष्टर होणार?" सासूबाई उत्तर देत, "बालिष्टर आमचा होऊन गेला. ही त्याच्या मागनं चालली." अशी माणसे घरात असली तर बाईला शिकता येते. ज्या सुनेला घरचे साधे दोन तास देत नाहीत, तिच्या नावाने पुढे 'शिकली नाही' म्हणून बोलू नये.

डिसेंबरची परीक्षा 6 डिसेंबरनंतर थोड्याच दिवसांत येते. दर वर्षी घरात हा प्रश्न निघे, की यंदा चैत्यभूमीला जायचे की अभ्यास करायचा? आमच्या विहारातील एका जुन्या कार्यकर्त्या काकांनी तो सोडवला. ते म्हणाले, "बाई, दादरला जाऊन ये. पण रांगेत पुस्तक हातात ठेव. बाबासाहेबांना त्यात काही गैर वाटणार नाही." तेव्हापासून माझी करकायद्याची उजळणी शिवाजी पार्कच्या रांगेत होऊ लागली. आजूबाजूला गावोगावचे लोक, कडेवर लेकरे, आणि माझ्या हातात प्राप्तिकराची कलमे.

खरी अडचण परीक्षेत नव्हती, प्रमाणपत्रात होती. सभासद होण्यासाठी तेव्हा तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागे, आणि काय काम केले ते मालकाने लेखी द्यावे लागे. मी अर्ज घेऊन वरिष्ठांकडे गेले. ते म्हणाले, "तुम्ही तर व्हाउचर लावता. कारकुनाला कॉस्टिंगचा दाखला कसा देणार?" त्यांचा आवाज चढा नव्हता. नेमणूकपत्रावर 'कारकून' असे लिहिले होते आणि त्यांच्या दृष्टीने विषय तेथे संपला होता.

आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही. काम एक करायचे आणि नाव दुसरेच लागायचे. पण माझ्याजवळ वह्या होत्या. नाव घातल्यापासून मी रोज चार ओळी लिहीत असे: आज भांडाराच्या नोंदी ताळ्याशी जुळवल्या, आज मजुरीचे तास कामांवर वाटले, आज यंत्राच्या ताशी दराचा तक्ता केला. सुरुवातीला अभ्यासाला उपयोग व्हावा म्हणून लिहीत होते. अशा पाच वह्या झाल्या होत्या. त्या मी टेबलावर ठेवल्या, आणि ऑडिटला गेलेल्या तक्त्यांच्या प्रती त्यांच्या शेजारी मांडल्या. ज्या तारखेला वहीत नोंद, त्या तारखेचा तक्ता. वरिष्ठांनी पाने उलटली. मग त्यांनी मला बसायला सांगितले. पाच वर्षांत त्या खोलीत मी प्रथमच बसले. मागितला तसा दाखला मिळायला पुढे चार महिने आणि तीन स्मरणपत्रे लागली, पण मिळाला.

फायनलचा शेवटचा गट डिसेंबर 2018 मध्ये सुटला. 2019 साली मी सभासद झाले. कारखान्यात हुद्दा बदलला, पगार वाढला. मी अजून नोकरीतच आहे. नोकरी करणाऱ्या सभासदाला बाहेरच्यासारखी ऑडिटची सही करता येत नाही. त्यासाठी प्रॅक्टिसचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ठरावीक तासांचे पुढील शिक्षण चालू ठेवावे लागते. घराचा हप्ता फिटला की ते करायचे ठरले आहे. पण आज परिव्ययाचा प्रत्येक तक्ता माझ्या नावाने आणि नावापुढील अक्षरांनी वर जातो. ऑडिटर आले की प्रश्न मला विचारतात.

बाबासाहेबांचे चरित्र आपण वाचतो तेव्हा पदव्यांची यादी पाठ करतो. त्या पदव्यांच्या मधल्या जागेत नोकऱ्या आहेत, तिकडे आपले लक्ष जात नाही. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. 1918 ते 1920 त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी केली आणि पगारातून शिल्लक टाकली. त्यात शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले 5,000 रुपयांचे कर्ज घालून ते पुन्हा लंडनला गेले. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. बॅरिस्टर होऊन आल्यावरही वकिलीत पुरेसे मिळेना, तेव्हा 1925 ते 1928 या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला. म्हणजे हिशेबनीस होऊ पाहणारी मुंबईची मुले बाबासाहेबांच्या वर्गात बसलेली आहेत! पुढे 1946 साली सिद्धार्थ कॉलेज निघाले, तेव्हा नोकरदारांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. 1953 साली सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय निघाले. पगार आणि पुस्तक एकाच दिवसात कसे बसवायचे, हे ज्याने स्वतः सोसले त्यालाच अशी सोय सुचते.

काही जण म्हणतात, या परीक्षांत आरक्षण नाही, मग आपल्या मुलांचे काय? आरक्षण हा आपला हक्क आहे आणि तो राखलाच पाहिजे. पण सरकारी नोकऱ्या कमी होत आहेत आणि खाजगी कारखान्यात आरक्षण नाही. तेथे दार उघडायला अशी मान्यता लागते. या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते, क्रमांक असतो. माझे 197 आडनावामुळे झाले नाहीत आणि पुढचे यशही कोणाच्या मेहेरबानीने मिळाले नाही.

नोकरी करणाऱ्या मुलामुलींना चार गोष्टी सांगते. बी.कॉम. झालात की वर्षभरात नाव घाला, कारण लग्न आणि हप्ते वाट पाहत नाहीत. नोकरी निवडताना पाचशे रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण हिशेबाचे काम शिकायला मिळेल ती निवडा. आता फायनलपूर्वी 15 महिन्यांचे प्रशिक्षण लागते. तुमचे काम त्यात बसते का, हे पहिल्याच महिन्यात फोर्टच्या कार्यालयात विचारा आणि मालकाला लेखी कळवून ठेवा. आणि रोजच्या कामाची वही लिहा, तारखेसह.

मंडळांनाही एक विनंती. सत्काराबरोबर फीसाठी बिनव्याजी कर्जाची सोय करा, आणि दुसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या मुलीलाही एकदा व्यासपीठावर बोलवा. आमच्या विहारात पहाटे चारला अभ्यासिका उघडते. किल्ली काकांकडे असते. सध्या तेथे तिघे येतात: एक दुकानात बिले करणारी, एक गोदामात नोंदी ठेवणारा आणि एक दोन लेकरांची आई. तिघांनीही इंटरला नाव घातले आहे.