अंगणातलं अतिक्रमण

सुपेल्याच्या रविवार बाजारात दुकानं रस्त्यावर कशी हातपाय पसरतात, हे भिलाईकरांना सांगायला नको. आमच्या घरातही वर्षभर तोच प्रकार चालला होता. फरक इतकाच, की इथले दुकानदार अवघे २ वर्षांचे!

सोफ्याखाली मोटारी, देवघरापुढे आगगाडीचे रूळ, न्हाणीघरात बदकं आणि अंगणात तुळशीला टेकलेली तीनचाकी. रात्री हे पाणी प्यायला उठले, की एखादी गाडी पायाखाली येई आणि अंधारात इंग्रजी गाणं म्हणू लागे. आम्ही हसत असू. पण सासूबाईंचं वय ८२. त्यांचा पाय घसरला तर? या धास्तीनं दिवसातून चारदा वाकून माझी वेचणी सुरू!

एवढी खेळणी आली कुठून? मुलगा-सून नोकरीनिमित्त पुण्याला, नातू आमच्याकडे. रजा मिळाली नाही, की त्यांच्याऐवजी पार्सल येई. त्या खोक्यांत त्यांची माया होती, म्हणून टाकवतही नसे. नातू मात्र खेळणं बाजूला सारून रिकाम्या खोक्यातच जाऊन बसे!

२०१८ साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी ३६ लहानग्यांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं. थोडी खेळणी असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. सूनबाईंनीच हे फोनवर सांगितलं. मग आम्ही ४ खेळणी बाहेर ठेवली, बाकीची ट्रंकेत. दर रविवारी अदलाबदल. जुनंच खेळणं नव्यानं भेटलं, की स्वारी खूश! आवरताना दोन गोष्टी कटाक्षानं पाहिल्या. बटणासारखे सेल असलेली खेळणी झाकण स्क्रूनं पक्कं नसेल तर बाद, कारण असा सेल गिळला तर अन्ननलिका भाजते. आणि नवं घेताना आयएसआय खूण हवीच. १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे.

राहता राहिली पार्सलं. हे मुलाला एवढंच म्हणाले, "बाळा, पार्सलाचे पैसे तिकिटासाठी साठव. आझाद हिंद एक्सप्रेस पुण्याहून थेट दुर्गला येते."

पोळ्याला दोघं आली. छत्तीसगडात पोळ्याला मुलांना मातीचा नांदिया बैल आणि मुलींना मातीचं जातं-भांडी देतात. मुलानं बाजारातून चाकांचा बैल आणला, त्याला दोरी बांधली आणि बापलेक अंगणभर फिरले. तिसऱ्या दिवशी बैलाचं शिंग मोडलं, मग चाक निखळलं. शेवटी त्याची माती तुळशीत गेली. त्या खेळण्यानं घरातली तसूभरही जागा अडवली नाही, पण नातू अजून रिकामी दोरी घेऊन अंगणात "बाबा, बैल!" म्हणत धावतो.