व्हिसा वाचा, मग रान विका

पिकाचा सल्ला विचारायला येणारी माणसे हल्ली मला मुलाच्या व्हिसाचे कागदही दाखवतात. नांदेड-लातूरकडचा मुलगा आखातात निघाला की बाप रान विकायला तयार होतो. पण बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचता, तसा व्हिसाही वाचा. भेटीचा व्हिसा झटपट मिळतो, मात्र त्यावर काम करणे बेकायदा. पगार बुडाला तर दाद मागणे कठीण. कामाच्या व्हिसावर गेल्यास तिथे राहण्याचा परवाना मिळतो. सौदीत त्याला इकामा म्हणतात. तो मालकाने काढून द्यायचा असतो. मुलगा दहावी झालेला नसेल, तर १९८३ च्या कायद्याप्रमाणे आपल्या सरकारची मंजुरीही लागते. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला हवा. महिनाभर उशीर झाला तरी चालेल; विकलेले रान परत येत नाही.